इम्प्लांट काढायचे? आधी कार्ड शोधा

‘स्तनातले इम्प्लांट काढून टाकू का?’ असं विचारत येणाऱ्या बऱ्याच स्त्रिया घाबरलेल्या असतात आणि त्यांना ऑपरेशनची तारीख त्याच आठवड्यात हवी असते. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एक शिक्षिका, वय ४३, अशाच आल्या. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) दोन बाळंतपणांनंतर, ११ वर्षांपूर्वी, त्यांनी मुंबईत सिलिकॉनचे इम्प्लांट बसवून घेतले होते. गेलं वर्षभर थकवा, केसगळती आणि सांधेदुखी सुरू होती. मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून दोन गोष्टी त्यांच्या मनात पक्क्या बसल्या होत्या. दहा वर्षं झाली की इम्प्लांट बाद होतात, ही एक. आणि भोवतालच्या आवरणासकट एकसंध काढले नाहीत तर विष अंगात राहतं, ही दुसरी. घरात नवऱ्याशिवाय कोणाला काही माहीत नव्हतं. सासूबाईंना तर नाहीच.

पहिल्या भेटीत आम्ही समुपदेशक एवढंच तपासतो, की खरोखर घाई आहे का. ऑपरेशनला कित्येक वर्षं होऊन गेल्यावर एक स्तन अचानक सुजला, स्तनात किंवा काखेत गाठ लागली, आकार बदलला, ताप येऊन लाली आली, तर समुपदेशन बाजूला ठेवून लगेच डॉक्टर गाठायचा. अशा सुजेत साठलेलं पाणी सुईने काढून त्याची सीडी-३० ही तपासणी करतात, कारण इम्प्लांटभोवती क्वचित एक प्रकारचा लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) होतो. तो मुख्यतः खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी जोडलेला आहे. म्हणूनच जुलै २०१९ मध्ये अॅलरगन कंपनीने बायोसेल या खरखरीत प्रकारचे इम्प्लांट जगभरातून मागे घेतले. तरीही ज्यांना काही त्रास नाही त्यांनी ते काढून घ्यावेत, असं अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) सांगितलेलं नाही.

बाईंना यातलं एकही लक्षण नव्हतं. आपले इम्प्लांट कोणत्या प्रकारचे, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. इम्प्लांट बसवताना मिळालेलं माहितीचं कार्ड सापडलं ते मुलांच्या जन्मदाखल्यांच्या प्लास्टिक फोल्डरमध्ये, डिस्चार्जच्या कागदाला टाचलेलं. त्यावर कंपनी, सिरियल नंबर, लॉट नंबर, ३०० सीसी आणि पृष्ठभाग गुळगुळीत, असं सगळं छापलेलं होतं. इतके महिने झोप उडवणारी निम्मी भीती त्या कार्डापाशीच उतरली. कार्ड हरवलं असेल तर जिथे ऑपरेशन झालं तिथे लेखी अर्ज करून ऑपरेशन नोट्स मागायच्या. भरती रुग्णाचे कागद तीन वर्षं जपणं आणि मागितल्यावर ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. त्याहून जुने मिळतीलच असं नाही, तरी मागून पाहावेत.

पुढच्या भेटीपर्यंत रक्ताचे रिपोर्ट हातात आले. हिमोग्लोबिन ९.१ म्हणजे कमी, टीएसएच बराच वाढलेला म्हणजे थायरॉइड मंदावलेलं, ड जीवनसत्त्व कमी. थकवा आणि केसगळतीला एवढं पुरेसं आहे. इम्प्लांटमुळेच आजारपण आलंय असं सांगणारी एकही रक्ततपासणी आज नाही. पण म्हणून अशा तक्रारी करणाऱ्या स्त्रियांना ‘मनाचे खेळ’ म्हणून परत पाठवणं आम्हाला मान्य नाही. इम्प्लांट काढल्यावर बरं वाटलेल्या अनेक जणी आहेत, न वाटलेल्याही आहेत, आणि आधीच हमी कोणी देऊ शकत नाही. ज्याचं औषध आहे ते आधी घ्यावं, हाच आमचा आग्रह असतो. थायरॉइडच्या गोळीनंतर ६ ते ८ आठवड्यांनी फेरतपासणी होते. लोह भरून यायला तीनेक महिने जातात.

दहा वर्षांची मुदत अशी काही नसते. इम्प्लांट आयुष्यभर पुरत नाहीत हे मात्र खरं, आणि वर्षं वाढतात तशी बिघाडाची शक्यताही वाढते. सिलिकॉनचा इम्प्लांट फाटला तरी बऱ्याचदा बाहेरून कळत नाही. म्हणून एफडीएच्या सल्ल्यानुसार पाच-सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय, नंतर दर दोन-तीन वर्षांनी. इम्प्लांट फुटलाय का एवढंच पाहायचं असेल तर एमआरआयला शिरेतून औषध टोचावं लागत नाही. बाईंचे दोन्ही शाबूत निघाले. डावी बाजू हाताला किंचित घट्ट लागत होती, म्हणजे बेकर मापात (इम्प्लांटभोवतीचा घट्टपणा सांगणाऱ्या चार पायऱ्यांत) दुसरी पायरी. तिसऱ्या पायरीत आकार बिघडलेला दिसतो आणि चौथ्यात दुखतं.

एकसंध काढण्याबद्दल डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. इम्प्लांटभोवती शरीर स्वतःच पातळ आवरण तयार करतं, त्याला कॅप्सूल म्हणतात. लिम्फोमा असेल तर ते अखंड काढावंच लागतं. नसेल तेव्हा, आणि इम्प्लांट स्नायूखाली असेल तेव्हा, बरगड्यांना चिकटलेला भाग खरवडून काढताना रक्तस्राव होऊ शकतो, फुफ्फुसाच्या आवरणाला इजा होऊन छातीत हवाही भरू शकते. तो भाग मागे राहिला म्हणून बरं वाटायचं थांबतं, असं दिसलेलं नाही. तरी बाईंना दुसरं मत हवं होतं. त्या बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) प्लास्टिक सर्जरी विभागात जाऊन आल्या. तिथेही हेच ऐकलं.

मग आम्ही विचारलं, “गोळ्यांनी थकवा गेला, तरीही हे काढावेसे वाटतील?” दोन आठवड्यांनी त्या उत्तर घेऊन आल्या. हो, काढायचेत. दर दोन-तीन वर्षांनी तपासणी आणि पुढे कधीतरी दुसरं ऑपरेशन, हे आता नको. तेव्हा हवे होते, त्याचा पश्चात्तापही नाही. नवरा “तुला हवं ते कर” एवढंच म्हणायचा. बाईंना ते तुटक वाटायचं, म्हणून एका भेटीला दोघांना एकत्र बसवलं. भूल देण्याची त्याला भीती वाटत होती, एवढंच निघालं.

नंतर छाती कशी दिसेल, यावर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला. ताणलेली कातडी सैल पडते, वरचा भाग बसका दिसतो, स्तन ओघळतात. ११ वर्षांत स्तनाचा मूळचा मांसल भागही दाबला जाऊन थोडा पातळ होतो. सलाइनचा इम्प्लांट असता तर ओपीडीतच त्यातलं पाणी काढून नंतरचा आकार पाहता आला असता. सिलिकॉनला ती सोय नाही. डॉक्टर वरची कातडी-चरबी चिमटीत धरून जाडी मोजतात, आणि ऑपरेशनआधीचे जुने फोटो मदतीला येतात. स्तन उचलून घेण्याची शस्त्रक्रिया त्याच वेळी करता येते, पण कॅप्सूलही काढत असतील तर स्तनाग्राचा रक्तपुरवठा धोक्यात येऊ शकतो. तंबाखू-सिगरेट असेल तर आणखीच. बाईंनी नुसतं काढून घ्यायचं ठरवलं. उचलण्याचं काही महिन्यांनी बघू.

तारीख त्यांना ऑगस्टमध्ये हवी होती, पावसात कोणाचं लक्ष जात नाही म्हणून. पण साधारण चार ते सहा आठवडे जड उचलायचं नाही, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. आणि चवथीला (गणेश चतुर्थीला) गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधायची, पाहुण्यांसाठी नारळ खवायचे, यातून घरच्या सुनेची सुटका कुठली? म्हणून तारीख चवथीनंतरची घेतली. सासूबाईंना ‘छातीचं छोटं ऑपरेशन’ एवढंच सांगायचं ठरलं. ते खोटं नाही, आणि बाकीचं सांगणं न सांगणं बाईंच्या हातात.

सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात सहसा बसत नाही. इम्प्लांट फुटल्याचा रिपोर्ट असेल तर विमा कंपनीला ऑपरेशनआधी लेखी विचारावं. संमतीपत्रात बाईंनी दोन ओळी वाढवून घेतल्या: काढलेली कॅप्सूल आणि पाणी असल्यास ते पॅथॉलॉजीला जाईल, आणि काढलेले इम्प्लांट त्यांना दाखवले जातील. पुढे मॅमोग्राफीच्या वेळी तंत्रज्ञाला या ऑपरेशनची कल्पना द्यायची, हेही फाइलवर लिहून ठेवलं.

ऑपरेशननंतर साठणारं पाणी बाहेर काढणारी नळी, म्हणजे ड्रेन, काही दिवसांत निघतो, सपोर्ट ब्रा काही आठवडे घालावी लागते. आरशात सगळ्यात वाईट दिसतं ते पहिल्या महिन्याभरात, सूज उतरलेली असते पण कातडी अजून आवळलेली नसते. ‘उगाच काढले’ हा विचार नेमका तेव्हा येतो. म्हणून त्यांची पुढची भेट तिसऱ्या आठवड्यातली ठेवली आहे.