पहिल्या मुलाखतीला जाण्याआधी

संशोधनासाठी मुलाखत घ्यायला खून करून शिक्षा भोगलेल्या माणसासमोर बसायचं या विचारानेच पोटात गोळा येतो म्हणतेस. येऊ दे, त्यावरून तू या कामाला कच्ची ठरत नाहीस. खरा गोंधळ पुढे असतो: तो अदबीने बोलतो, तुझ्यासाठी खुर्ची ओढतो, तुला आवडायला लागतो, आणि मग अपराधी वाटतं. हे भल्याभल्यांचं होतं. त्याच रात्री ते वेगळ्या वहीत लिहून काढ; विश्लेषणाच्या वेळी फार उपयोगी पडतं.

सुरुवातीला एवढं सांभाळ:

- रेकॉर्डर चालू करण्याआधीच गुप्ततेची मर्यादा सांग. उघडकीला न आलेला गुन्हा किंवा कुणाला इजा करायचा बेत त्याने बोलून दाखवला, तर तुला गप्प राहता येईलच असं नाही.
- "का मारलंत?" ऐवजी "त्या दिवशी काय काय झालं?" असं विचार. 'का' म्हटलं की माणूस समर्थन करायला लागतो.
- मान डोलावताना जप. लक्ष आहे एवढंच कळू दे, पटतंय असं नको.

नवखी माणसं शांतता सहन न होऊन पुढचा प्रश्न फेकतात. थांब, तो बोलेल. एका दिवशी एकच मुलाखत ठेव आणि त्यानंतर मार्गदर्शकांशी बोलायची वेळ आधीच ठरव. बाकीचं पहिली मुलाखत झाल्यावर बोलू.