पत्नीला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस निघालाय, अठरा हजारांच्या पगारात औषधपाणी कसं निभवायचं?

दादा, तुम्ही नाशिकला अंबडच्या कंपनीत आहात आणि वहिनींना डॉक्टरांनी आयुष्यभर गोळ्या सांगितल्यात, असं तुम्ही लिहिलंय. मी इथेच सिडकोत राहते आणि हाच सांधे सुजवणारा आजार अंगावर वागवते, म्हणून लिहितेय.

आधी पैशाचं. पगार २१ हजारांच्या आत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचा हप्ता, कापला जात असणार, पगाराची स्लिप बघा. त्यात बायकोचे उपचारही बसतात, ओपीडी आणि गोळ्यांसकट. कार्डावर वहिनींचं नाव चढलंय का, ते एचआरला विचारा. सातपूरला ईएसआयचं रुग्णालय आहेच. बहुतेक विमे अ‍ॅडमिट झाल्यावरच पैसे देतात, आणि या आजारात माणूस सहसा अ‍ॅडमिट होत नाही, खिसा मात्र दर महिन्याला रिकामा होतो. या आजारावर सहसा देतात ती मेथोट्रेक्सेटची गोळी तशी स्वस्त आहे. पैसे जातात ते रक्ताच्या तपासण्यांत, फीमध्ये, रिक्षात आणि पडलेल्या खाड्यांत.

ही गोळी आठवड्यातून एकदाच, वार ठरवून घ्यायची. रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. गुण यायला दीड ते तीन महिने लागतात, तोवर धीर सोडून ती बंद करू नका. एकदा वाकडे झालेले सांधे गोळीने सरळ होत नाहीत. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, गरोदरपणात ही गोळी चालत नाही.

खर्चाहून जड जातं ते घरातल्यांना पटवणं. नाशिकच्या थंडीत सकाळी तासभर माझी मूठ मिटत नाही. सांडशी दाबता येत नाही, दुधाची पिशवी दातांनी फाडावी लागते. आणि दुपारी तेच हात पोळ्या लाटतात! बघणाऱ्याला वाटतं, सकाळी नाटक चाललं होतं. "अगं वात आहे, तेल लाव" हे मी खूप ऐकलं. सासूबाईंना एकदा डॉक्टरांकडे सोबत नेलं, डॉक्टरांनी त्यांना माझ्या सांध्यांची सूज हात लावून बघायला सांगितली, तेव्हा कुठे ते थांबलं. तुमच्या घरीही असंच चालत असेल तर आईंनाही पुढच्या तपासणीला न्या.

कणीक रात्री तुम्ही मळून ठेवा, माझे मिस्टर मळतात. आणि फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात डब्याचं काय करायचं, ते आजच दोघं बसून ठरवा.