260/280 बरोबर 1.8 येतंय, तरी हळदीच्या डीएनएवर पीसीआर का चालत नाही?

सांगलीजवळच्या शेतातल्या हळदीच्या पानांचा डीएनए, 260/280 (त्या दोन तरंगलांबींना, नॅनोमीटरमध्ये, शोषल्या गेलेल्या प्रकाशाचं गुणोत्तर) 1.8, 260/230 मात्र 0.9, आणि पीसीआरनंतर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती करण्याची पद्धत) जेलवर पट्टाच नाही, असं तुम्ही लिहिलंय. अडचण त्या दुसऱ्या आकड्यात आहे.

260 नॅनोमीटरला डीएनए आणि आरएनए प्रकाश शोषतात, 280 ला प्रथिनं. म्हणजे 1.8 वरून प्रथिनं बऱ्यापैकी गेली एवढंच कळतं (आरएनएला 2.0 च्या आसपास हवं). 230 ला पॉलिसॅकराइड (साखरेच्या लांब साखळ्या), फिनॉलिक पदार्थ, डीएनए काढण्याच्या किटमधले ग्वानिडिनचे क्षार दिसतात. 260/230 साधारण 2.0 ते 2.2 असावं. हळदीत पहिले दोन्ही भरपूर असतात आणि तेच पॉलिमरेजला, म्हणजे पीसीआरमध्ये प्रती करणाऱ्या विकराला, अडवतात. तळाला बसलेला डीएनए जेलीसारखा बुळबुळीत दिसतो का, पिपेटच्या टिपला चिकटतो का, हे नीट पाहा. तसं असेल तर पॉलिसॅकराइडच धरा.

पुढच्या वेळी अगदी कोवळी पानं घ्या, सीटॅब बफरमध्ये (वनस्पतींचा डीएनए काढायचं द्रावण) मीठ वाढवा, फिनॉलिक पदार्थांना धरून ठेवणारं पीव्हीपी घाला, 70 टक्के इथेनॉलने दोनदा धुवा. आत्ता हातात असलेला नमुना दहापट पातळ करून पीसीआर लावा, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. आणि ब्लँक (मोजण्याआधी यंत्र शून्यावर आणायचा नमुना) त्याच बफरचा ठेवा ज्यात डीएनए विरघळवलाय. साधं पाणी किंचित आम्लधर्मी असलं तरी 260/280 खाली येतं.