कचरा मार्चमध्येच उचलला, पण मंडळाला कळवलं कोणी?

प्रश्न : बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आमचा हायड्रॉलिक सिलिंडरचे सुटे भाग बनवणारा लघुउद्योग आहे. १२ जानेवारीला कर्नाटक प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी आले. वापरलेल्या तेलाची आणि कूलंटच्या (यंत्रकामात थंडाव्यासाठी वापरायच्या द्रवाच्या) गाळाची बॅरल उघड्यावर होती, मॅनिफेस्ट (कचरा कुणी कुणाला दिला याची ठरावीक नमुन्यातली नोंद) नव्हते. ३ फेब्रुवारीला कन्नडमधून शो-कॉज (कारणे दाखवा) नोटीस आली, ती कन्सल्टंटकडे दिली. २० मार्चला अधिकृत रिसायकलरला बोलावून सगळा माल उचलला, शेडही बांधली. १० जूनला अधिकारी पुन्हा आले आणि सर्व ठीक असल्याचं लिहून गेले. तरी १२ जूनच्या आदेशात १५० दिवसांची ९,३७,५०० रुपये पर्यावरण भरपाई लावली आहे. आधीच्या कोल्हापूरच्या कंत्राटदाराशी झालेल्या करारात कलम ९ आहे : ‘माल गेटबाहेर पडताच सर्व जबाबदारी कंत्राटदाराची.’ ही रक्कम त्याच्याकडून वसूल होईल का? पुण्याच्या ज्या कंपनीला आम्ही माल देतो, तिला एप्रिलमध्ये ‘मंडळाची कोणतीही कारवाई प्रलंबित नाही’ असं लिहून दिलं आहे. त्याचं काय?

उत्तर : चार पानी पत्रातली तीन पानं तुम्ही कलम ९ वर खर्च केलीत. ज्यावर पाच लाखांचा फरक पडतो ती २० मार्चची गोष्ट मात्र एका ओळीत, जाता जाता सांगितलीत. मच्छे आणि होनगा या इथल्याच औद्योगिक भागांतून येणाऱ्या पत्रांतही हेच दिसतं. सुधारणा केलेली असते, पैसेही गेलेले असतात, फक्त मंडळाला कागदावर कुणी कळवलेलं नसतं.

आधी रक्कम कशी आली ते पाहा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सूत्र म्हणजे पाच आकड्यांचा गुणाकार. पहिला प्रदूषण निर्देशांक, उद्योग किती प्रदूषण करू शकतो त्यानुसार ठरलेल्या वर्गाचा : लाल वर्गाला ८०, नारिंगीला ५०, हिरव्याला ३०. दुसरा दिवसांचा. तिसरा रुपयांतला दर, १०० ते ५०० मधला, बहुतेक वेळा २५०. चौथा उद्योगाच्या आकाराचा : सूक्ष्म-लघु ०.५, मध्यम १, मोठा १.५. पाचवा लोकसंख्येचा, दहा लाखांच्या आतल्या ठिकाणाला १. तुमचा उद्योग नारिंगी वर्गात आणि लघु धरलेला दिसतो : ५० × २५० × ०.५ × १, म्हणजे रोजचे ६,२५०. गुणिले १५० दिवस. गणित बरोबर आहे. मध्यम धरलं असतं तर हीच रक्कम दुप्पट झाली असती, म्हणून उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र फायलीत वरच ठेवा.

वाद घालण्याजोगा आकडा एकच आहे, दिवसांचा. सूत्रात दिवस मोजायचे ते उल्लंघन आढळल्यापासून मंडळाने पूर्तता तपासून खात्री करेपर्यंत. तुम्ही शेड बांधली त्या दिवशी मोजणी थांबत नाही. म्हणून १२ जानेवारी ते १० जून असे १५० दिवस आले. २० मार्चपर्यंतच मोजले तर ६८ दिवस होतात आणि रक्कम ४,२५,००० वर येते. मधले ८२ दिवस आणि ५,१२,५०० रुपये ही एक पत्र न लिहिल्याची किंमत आहे. ‘पूर्तता केली, कृपया तपासणी करावी’ असं दोन ओळींचं पत्र २१ मार्चला प्रादेशिक कार्यालयात देऊन पोच घेतली असती, तर पुढचा उशीर मंडळाच्या खात्यावर गेला असता.

ते पत्र नाही. मग मार्चमध्येच मंडळाला कळलं होतं हे दाखवणारा दुसरा कागद आहे का, यावर आता सगळं अवलंबून आहे. असा कागद असू शकतो, आणि तुम्ही त्याचा पत्रात उल्लेखही केलेला नाही : २० मार्चचा मॅनिफेस्ट.

घातक कचरा नियम, २०१६ प्रमाणे नमुना १० मधला मॅनिफेस्ट सात प्रतींत असतो. पांढरी प्रत कचरा देणाऱ्याने, म्हणजे तुम्ही, मंडळाकडे पाठवायची. पिवळी वाहतूकदाराची सही घेऊन स्वतःकडे ठेवायची. उरलेल्या पाच गाडीबरोबर जातात. गुलाबी माल घेणाऱ्याकडे राहते, नारिंगी वाहतूकदाराला मिळते, हिरवी माल घेणारा मंडळाला पाठवतो, निळी तो तुम्हाला परत पाठवतो. राखाडी प्रत फक्त परराज्यातल्या मालासाठी : घेणारा महाराष्ट्रातला असेल तर ती त्याने कर्नाटक मंडळाला पाठवायची असते. म्हणजे रिसायकलर कोल्हापूर किंवा पुणे भागातला असेल आणि त्याने नियम पाळला असेल, तर तुमच्या पांढऱ्या प्रतीबरोबरच राखाडी प्रतही बेळगावच्या फायलीत असायला हवी. परराज्यात पुनर्वापरासाठी माल देण्यापूर्वी दोन्ही राज्यांच्या मंडळांना आगाऊ कळवावं लागतं. तसं कळवलं असेल तर तोही पुरावा.

उद्याच करायचं ते हे. रिसायकलरकडून निळी प्रत, त्याचं अधिकारपत्र आणि वजनकाट्याची पावती मागवा. प्रादेशिक कार्यालयाच्या आवक नोंदवहीत २० मार्च ते १५ एप्रिल या काळात तुमच्या कारखान्याच्या नावाची नोंद आहे का ते पाहा आणि प्रमाणित प्रतीसाठी अर्ज द्या. माहितीच्या अधिकाराचा अर्जही त्याच दिवशी टाका, पण त्याच्या तीस दिवसांची वाट पाहत बसू नका. मॅनिफेस्ट ऑनलाइन भरला असेल तर पोर्टलवर तारीख-वेळ दिसेल, तिचा छापील उतारा घ्या.

यात एक खाचही आहे. २० मार्चला तेल आणि गाळ एकाच मॅनिफेस्टवर, नियमांतल्या कचऱ्याच्या यादीतल्या ५.१ या एकाच क्रमांकाखाली गेला असेल, तर तो कागद दाखवण्याआधी वकिलासमोर ठेवा. वापरलेलं तेल ५.१ मध्ये येतं. तेलकट गाळ आणि अवशेष ५.२ मध्ये येतात, तेलाने माखलेली बॅरल ३३.१ मध्ये, तेलकट चिंध्या आणि कॉटन वेस्ट ३३.२ मध्ये. तेलाचा रिसायकलर गाळ घ्यायला अधिकृत असतोच असं नाही. गाळ बहुधा विल्हेवाट केंद्राकडे किंवा सिमेंट भट्टीत सहप्रक्रियेला (इंधन किंवा कच्चा माल म्हणून वापरायला) जातो. विल्हेवाटीसाठी परराज्यात पाठवायचा तर नुसतं कळवून भागत नाही, दोन्ही मंडळांचं ना-हरकत पत्र लागतं. ही चूक झाली असेल तर ८२ दिवस वाचवायला नेलेला कागद नवी नोटीस घेऊन परत येईल.

आता मुदत. आदेश १२ जूनचा, पण तो तुमच्या हाती कधी पडला हे चार पानांत कुठेही नाही. पोर्टलवर नोंदवलेला ईमेल कुणाचा आहे? बहुतेकांचा कन्सल्टंटचा असतो. आदेश त्या पत्त्यावर १२ जूनलाच गेला असेल तर मंडळ तीच तारीख धरेल, म्हणून तुम्हीही तीच धरून चाला. आदेश जल कायद्याच्या कलम ३३अ खाली असेल तर अपील थेट राष्ट्रीय हरित लवादाकडे जातं. मुदत ३० दिवस. पुरेसं कारण दाखवलं तर लवाद आणखी ६० दिवसांपर्यंत उशीर माफ करू शकतो, त्यापुढे त्याला अधिकारच नाही. १२ जूनपासून नव्वदावा दिवस १० सप्टेंबर. हे उत्तर वाचाल तेव्हा पहिले तीस दिवस बहुधा उलटलेले असतील, तेव्हा अपिलाबरोबर विलंबमाफीचा अर्ज आणि शपथपत्र लागेल. ‘कन्सल्टंटने सांगितलं नाही’ एवढ्यावर ते शपथपत्र उभं राहत नाही. कन्सल्टंटचा ईमेल, त्याने तो कधी उघडला, तुम्हाला कधी पाठवला, असा तारीखवार तपशील हवा.

पुण्याच्या खंडपीठाकडे जाऊ नका. पुणं जवळ असलं तरी कर्नाटक दक्षिण विभागात येतं आणि त्याचं खंडपीठ चेन्नईला आहे. आदेशावर फक्त वायू कायद्याचं कलम ३१अ असेल तर रस्ता वेगळा : आधी राज्याचं अपील प्राधिकरण, मग लवाद. कलमाचा क्रमांक आदेशाच्या वरच्या भागात असतो, तो वाचूनच वकील गाठा. धारवाड खंडपीठात रिट करता येते, पण अपिलाचा मार्ग उघडा असताना तिथे पहिला प्रश्न त्याचाच विचारला जाईल.

अपील दाखल केलं म्हणून वसुली थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते. माझ्या मते ६८ दिवसांचे ४,२५,००० रुपये हक्क राखून भरण्याची तयारी अर्जात दाखवावी. बॅरल उघड्यावर होती आणि मॅनिफेस्ट नव्हते हे तुम्हीच मान्य करता. ते नाकारत बसलात तर ८२ दिवसांचा चांगला मुद्दाही त्यात झाकोळून जाईल. भरपाई लावण्याच्या मंडळाच्या अधिकारालाच आव्हान द्यावं असं कुणी सुचवेल. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३३अ आणि ३१अ खाली मंडळांना हा अधिकार आहे असं म्हटलं आहे. मात्र त्यासाठी आवश्यक नियम करून, नैसर्गिक न्याय पाळूनच तो वापरायचा असंही म्हटलं आहे. मुद्दा अपिलात जरूर घाला, भिस्त त्यावर ठेवू नका.

नोटीस कन्नडमध्ये होती ही तक्रार या प्रकरणात आणू नका. सीमाभागातला मराठी कागदपत्रांचा प्रश्न खरा आहे, पण उत्तर न देण्याचं ते कारण होत नाही. कर्नाटकात कारखाना चालवताना कन्नड पत्र त्याच दिवशी कुणाकडून तरी वाचून घेणं हा धंद्याचाच भाग आहे. लवादासमोर मात्र कन्नड कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडावं लागेल. ते आताच करायला द्या, ऐन वेळी त्यातच आठवडा जातो.

कलम ९ चं थोडक्यात. ते मंडळाला बांधील नाही. नियमांनुसार कारखान्याचा ताबेदार म्हणून जबाबदारी तुमची, आणि हा दंड तर गेटबाहेर गेलेल्या मालाचा नसून गेटच्या आत पडून राहिलेल्या मालाचा आहे. कंत्राटदाराकडे अधिकारपत्र होतं का? नसेल तर कराराचा उद्देशच बेकायदेशीर ठरून कलम ९ सकट सगळा करार निरर्थक होऊ शकतो. असेल, तर भरपाईचा दावा साधारण ३ वर्षांत करता येतो. पण व्यावसायिक वाद ३ लाखांच्या वरचा असल्याने तातडीचा दिलासा मागत नसाल तर आधी मध्यस्थीला जावं लागेल. कंत्राटदाराच्या छापील फॉर्मवर ‘कोल्हापूर न्यायालय’ लिहिलेलं असेल तर तारखांना कोल्हापूर. त्या दाव्याचा निकाल किती वर्षांनी लागेल यावर मी पैज लावणार नाही. आधी अपील.

पुण्याच्या कंपनीला एप्रिलमध्ये दिलेलं पत्र मला दंडापेक्षा जास्त अवघड वाटतं. तेव्हा शो-कॉज प्रलंबित होती, म्हणजे विधान चुकीचं होतं. सेबीच्या बीआरएसआर (पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल) चौकटीत मोठ्या सूचीबद्ध कंपन्या पुरवठादारांच्या कचऱ्याची माहितीही जमवू लागल्या आहेत, त्यामुळे हा कागद त्यांच्या अहवालापर्यंत पोचू शकतो. ऑर्डर तुटेल का हे त्यांच्या पुरवठादार करारावर आणि खरेदी विभागाच्या मनावर आहे. तरी त्यांना दुसरीकडून कळण्याआधी तुम्हीच लेखी दुरुस्ती पाठवा : नोटीस, २० मार्चचा निपटारा, १० जूनची तपासणी, अपिलाची स्थिती. खुलासा एका पानाचा ठेवा आणि सोबत १० जूनच्या तपासणीची प्रत जोडा.

पुढचा माल देताना चार गोष्टी बदला. तेल आणि कूलंट एका बॅरलमध्ये ओतू नका. पाणी मिसळलं की रिसायकलर भाव पाडतो किंवा नेतच नाही, आणि मग माल साचतो. प्रत्येक बॅरलवर नमुना ८ चं लेबल आणि भरायला सुरुवात केल्याची तारीख टाका, कारण साठवणुकीची मर्यादा ९० दिवस आहे. वर्षाला १० टनांच्या आत कचरा असेल तर मंडळाकडे अर्ज करून ती १८० पर्यंत वाढवून घेता येते. २०० लिटरच्या बॅरलमध्ये साधारण १७५ किलो तेल बसतं, म्हणजे नुसतं तेल धरलं तर सत्तावन्न बॅरलला जवळपास दहा टन. गाळ आणि चिंध्या त्यात मोजायला विसरू नका. नमुना ३ ची नोंदवही रोज भरा आणि तिच्यावरूनच ३० जूनपूर्वी नमुना ४ चं वार्षिक विवरणपत्र द्या. यंदाचं दिलंय का ते पत्रात नाही, राहिलं असेल तर आजच भरा. आणि करारात हे एकच नवं कलम घाला : गाळ-चिंध्यांसाठी जी रक्कम तुम्ही द्यायची, तिचं बिल निळी प्रत परत आल्यावरच चुकतं होईल.

वकिलाकडे जाताना आदेश आणि तो आलेला लिफाफा किंवा ईमेलचा उतारा, ३ फेब्रुवारीची नोटीस, दोन्ही तपासण्यांच्या प्रती, कन्सेंट (कारखाना चालवायला मंडळाने दिलेली संमती) आणि अधिकारपत्र, २० मार्चचे सगळे कागद, कराराची मूळ प्रत न्या. लिफाफा फेकला असेल तर पोस्टाच्या ट्रॅकिंगचा उतारा लगेच काढून ठेवा.