भरपूर उन्हाच्या खोलीला रंग निवडताना

शेड कार्डावर बोट ठेवून रंग ठरवू नका. बहुतेक नवखे इथेच फसतात. छोट्या चौकोनात मवाळ दिसणारा पिवळा चारही भिंतींवर चढला की अंगावर येतो. सॅम्पलची लहान डबी आणा, मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा आणि तो सकाळी, दुपारी, दिवे लागल्यावर वेगवेगळ्या भिंतींना टेकवून बघा. पश्चिमेच्या खिडकीतलं संध्याकाळचं ऊन मुळातच केशरी. तिथे पीच आणखी भडकतो, फिकट राखाडी निवांत वाटतो.

बाकी दोनच गोष्टी:

- पांढराशुभ्र नको, डोळे दिपतात. किंचित मळकट पांढरा घ्या.
- ग्लॉसी टाळा. तिरप्या उन्हात पुट्टीचा प्रत्येक उंचवटा उठून दिसतो (पेंटर काहीही म्हणो), मॅटच बरा.

अंडरटोनच्या, म्हणजे रंगात लपलेल्या दुसऱ्या छटेच्या, भानगडीत आत्ताच पडू नका.