‘विंडोज ११ मारून देतो’ म्हणतात, मारू का?

प्रश्न : मी चोपड्याची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. लॅपटॉप २०१५ सालचा. त्यावरच्या स्टिकरवर आय३-५००५यू लिहिलेलं आहे. रॅम ४ जीबी, हार्डडिस्क ५०० जीबी, विंडोज १०. आता सारखी सूचना येते की सपोर्ट संपला. ११ साठी तपासणी केली तर ‘हा संगणक पात्र नाही’ असं येतं. इथला एक दुकानदार म्हणतो, ‘बाई, आणा, दुपारपर्यंत ११ मारून देतो.’ जळगावचा भाचा म्हणतो, नवा घ्या. पुण्याची नात म्हणते, विंडोजऐवजी फुकटची लिनक्स सिस्टिम टाक. माझं मुख्य काम म्हणजे आखाजीची आणि कानबाईची अहिराणी गाणी. गावोगावच्या बायकांकडून ऐकून टाइप केलेली आहेत, सगळी वर्डमध्ये, शिवाजी फॉन्टात. शिवाय पेन्शनसाठी बँकेची साइट, नातवंडांशी व्हिडिओ कॉल आणि कॅननच्या एलबीपी २९०० प्रिंटरवर छपाई. मना लॅपटॉप आते भंगारमा जाई का?

उत्तर : बाई, भंगारात जाण्यासारखं काही झालेलं नाही. पण दुकानातही नेऊ नका, निदान आत्ता नको.

आधी त्या सूचनेचं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे लॅपटॉप बंद पडत नाही, फाइली उघडायच्या राहत नाहीत. थांबतात त्या दर महिन्याला येणाऱ्या सुरक्षेच्या दुरुस्त्या. नुसती गाणी टाइप करायची असती तर मी म्हटलं असतं, इंटरनेट काढून टाका आणि खुशाल वापरा. पण तुम्ही त्यावर पेन्शन बघता, म्हणून हे मनावर घ्यायला हवं.

११ नाही म्हणतं, याचा अर्थ तुमचं यंत्र दुबळं आहे असा नाही. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये ११ आणताना दोन अटी घातल्या, त्यांत जुनी यंत्रं अडकली. एक म्हणजे टीपीएम २.०, किल्ल्या आणि पासवर्ड सांभाळणारी सोय. दुसरी म्हणजे प्रोसेसरची यादी. इंटेलचे प्रोसेसर या यादीत साधारण आठव्या पिढीपासून आहेत, म्हणजे २०१७ च्या उत्तरार्धापासून पुढचे. तुमच्या ५००५ मधला पहिला ५ म्हणजे पाचवी पिढी. झालं, तिथेच अडलं.

दुकानदार खोटं बोलत नाही. रुफस नावाचा एक छोटा, फुकट प्रोग्राम आहे. त्यातून ११ चा पेनड्राइव्ह बनवताना टीपीएम आणि सिक्युअर बूट (यंत्र चालू होताना परकी सिस्टिम अडवणारी सोय) यांची तपासणी काढून टाकायचा पर्याय समोरच येतो. खूण केली की ११ मुकाट्याने बसतं, तुमच्या पाचव्या पिढीवरही बसेल. प्रश्न त्यानंतरचा आहे. लग्नाच्या पंगतीत आवतण नसलेला माणूस बसला तरी त्याला वाढतातच, पण पुढच्या कार्याला त्याच्या घरी पत्रिका जात नाही. तसंच इथे होतं. दर महिन्याच्या दुरुस्त्या सहसा येत राहतात, पण मायक्रोसॉफ्टने त्याची हमी दिलेली नाही. आणि वर्षाला येणारी मोठी आवृत्ती अशा यंत्रावर आपोआप येत नाही. घरगुती ११ च्या प्रत्येक आवृत्तीला सपोर्ट दोन वर्षांचाच. म्हणजे दोन वर्षांच्या आत पुन्हा कुणीतरी पेनड्राइव्ह घेऊन बसायला हवं. तो दुकानदार तेव्हा दुकान चालवत असेल का, आणि तुमच्या फाइली न पुसता करील का, हे त्याला विचारा. ज्यांना या उचापतींची हौस आहे त्यांनी जरूर करावं, मीही करतो. तुमच्या पेन्शनच्या यंत्रावर मी करणार नाही.

शिवाय ४ जीबी रॅम आणि फिरती हार्डडिस्क. कागदावर ११ ला ४ जीबी पुरतात. प्रत्यक्षात डिस्कचा दिवा सतत पेटलेला राहील आणि तुम्ही माऊस धरून बसाल.

दुकानदाराला आणखी एक विचारा : लायसन्स कुठलं? तुमचं विंडोज १० अस्सल असेल तर त्याच यंत्रावर ११ ची तीच एडिशन वेगळी किल्ली न घेता चालू होते. तरीही तो ‘ॲक्टिव्हेटर’, म्हणजे लायसन्सशिवाय विंडोज चालू करणारा चोरटा प्रोग्राम, टाकावा लागेल म्हणाला तर लॅपटॉप बगलेत मारून घरी या. तो चालवण्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करायला लावतात, आणि बंद दाराआड तो काय करतो हे कुणी पाहिलेलं नसतं.

आता करायचं काय? पहिलं काम पैशांशिवाय होणारं आहे. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांसाठी विंडोज १० च्या सुरक्षा दुरुस्त्या एका वर्षाने वाढवून दिल्या आहेत, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्यात नाव नोंदवावं लागतं. सेटिंग्जमध्ये ‘अपडेट अँड सिक्युरिटी’, त्यात ‘विंडोज अपडेट’. तिथे उजवीकडे किंवा खाली ‘एनरोल नाऊ’ दिसेल. दिसत नसेल तर विंडोज १० ची आवृत्ती २२एच२ आहे का ते पाहा, नसल्यास आधी ती येऊ द्या. नोंदणीला मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. पुढे तीन वाटा दिसतील : सेटिंग्जचा बॅकअप चालू करून फुकट, रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट देऊन, किंवा ३० डॉलर भरून. फुकटचीच घ्या. एवढंच की बॅकअप चालू करताना डॉक्युमेंट्स आणि फोटोंचे फोल्डर त्यात टाकू नका. वनड्राइव्हची फुकट जागा ५ जीबीच असते, ती भरली की रोज पैसे मागणारी नवीनच सूचना सुरू होते.

एवढ्याने मुदत मिळाली. तिचा उपयोग दोन गोष्टींसाठी करा.

पहिली म्हणजे एसएसडी, फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क. जुनी हार्डडिस्क काढून तिथे २.५ इंची साटा एसएसडी बसवा, २५६ जीबीची पुरेल. ५०० जीबीच्या डिस्कवर भरलेला भाग तेवढ्यात मावत असेल तर आहे ते विंडोज, फाइलींसकट, जसंच्या तसं नव्या डिस्कवर उतरवता येतं. दुकानात शब्द वापरा ‘क्लोन करून द्या’. ‘फॉरमॅट मारतो’ म्हणाला तर नको म्हणा. काढलेली हार्डडिस्क परत मागून घ्या, यूएसबी केसमध्ये घालून कपाटात ठेवा, तोच तुमचा बॅकअप. रॅम ८ जीबी करायची तर मागताना डीडीआर३एल म्हणा. शेवटचा ‘एल’ गाळू नका. तुमच्या प्रोसेसरला १.३५ व्होल्टवर चालणारी रॅम लागते आणि जुन्या डब्यातली १.५ व्होल्टची काडी दिसायला अगदी तशीच असते. हे सगळं झालं की तुमचाच लॅपटॉप तुम्हाला ओळखू येणार नाही. भाच्याला तेव्हा बोलवा.

दुसरी गोष्ट गाण्यांची, आणि माझ्या मते तुमच्या पत्रातली खरी जोखीम तीच आहे. ऑपरेटिंग सिस्टिम कुठलीही मिळेल, ती गाणी सांगणारी आजी पुन्हा मिळेलच असं नाही.

शिवाजी हा जुन्या पद्धतीचा फॉन्ट. तुमच्या फाइलीत मराठी अक्षरं साठवलेली नाहीतच. तिथे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं आहेत, फॉन्ट फक्त त्यांना मराठी रूप दाखवतो. म्हणून ती फाइल नातीला पाठवली की तिला कचरा दिसतो, आणि गाण्यातला शब्द शोधायला गेलात तर सापडत नाही. विंडोज ११ घ्या, लिनक्स घ्या, नवा लॅपटॉप घ्या, हा आजार सोबत येणारच. तो आत्ता, जुनं यंत्र नीट चालतंय तोवर, बरा करायचा.

आधी प्रत्येक फाइलीची पीडीएफ करा. पीडीएफमध्ये फॉन्ट आत बांधला जातो, त्यामुळे गाणं जसं दिसतं तसं कायमचं पकडलं जातं. मग सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरातल्या ‘फॉन्ट्स’मधून शिवाजीची फाइल पेनड्राइव्हवर घ्या. लिनक्सवर ती टाकली की जुन्या फाइली बहुतेक वेळा तिथेही वाचता येतात. त्यानंतर युनिकोडमध्ये, म्हणजे खरी मराठी अक्षरं साठवणाऱ्या पद्धतीत, बदल. इंटरनेटवर फुकट कन्व्हर्टर आहेत, पण ज्याच्या यादीत ‘शिवाजी’ हे नाव स्पष्ट आहे तोच घ्या, कारण श्रीलिपी, आकृती, शिवाजी प्रत्येकाची अक्षरजुळणी वेगळी. आधी एकच गाणं बदलून बघा. चुका ठरलेल्या ठिकाणी होतात : पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते, रफार घसरतो, जोडाक्षरं फुटतात. पीडीएफ शेजारी उघडून ओळीला ओळ लावा. तुम्ही इतकी वर्षं वह्या तपासल्यात, हे काम तुमच्याइतकं चांगलं कुणी करणार नाही.

आणि वर्डमधली आपोआप दुरुस्ती बंद करून ठेवा. अहिराणीतलं ‘शे’, ‘व्हई’, ‘मना’ त्याला पटत नाही. लाल रेघा मारतं ते ठीक, पण कधी गुपचूप मराठी करून टाकेल आणि आखाजीच्या झोक्यावरची बाई एकदम पुण्याची होईल.

मग नातीचं ऐका. लिनक्स मिंटची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती तुमच्या यंत्राला चांगली. मिंटच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत, तेही यादीबिदी न बघता. बसवायच्या आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, विंडोजला हात लागत नाही. तसं चालवून चार गोष्टी तपासा : बँकेची साइट, गूगल मीटवर कॅमेरा आणि आवाज, इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिकने मराठी टायपिंग, आणि प्रिंटर. पहिल्या तीन जमतील. चौथ्यात अडाल. एलबीपी २९०० टिकाऊ आहे, खान्देशातल्या निम्म्या झेरॉक्सच्या दुकानांत तोच खडखडत असतो, पण त्याचा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारा प्रोग्राम, लिनक्सवर सरळ बसत नाही. पीडीएफ पेनड्राइव्हवर घेऊन कोपऱ्यावर छापून आणायची तयारी असेल तर मिंट. प्रिंटर घरातच हवा असेल तर मिंट आणि विंडोज १० शेजारी शेजारी ठेवा. छापायचं असेल तेव्हाच विंडोज उघडा, नेट बंद करून. बँक मात्र मिंटवर.

यातलं काहीही एप्रिल-मेच्या दुपारी करू नका. बाहेर पंचेचाळीस अंश, पंख्यात दहा वर्षांची धूळ, प्रोसेसरवरची पेस्ट वाळलेली. अशा वेळी क्लोन अर्ध्यात असताना यंत्र तापून बंद पडतं. एसएसडी बसवायला झाकण उघडणारच आहेत, तेव्हाच पंखा साफ करून पेस्ट बदलून घ्या. आणि बॅटरी मेलेली असेल तर लाइट जाण्याचं वेळापत्रक बघून बसा, नाहीतर इन्व्हर्टरवर.

प्रश्न : साक्री तालुक्यात माझं सेवा केंद्र आहे. तिसऱ्या पिढीच्या आय५ वर विंडोज १०. आधारचं अंगठ्याचं यंत्र आणि डिजिटल सहीचा टोकन त्यावरच चालतो. रुफसने ११ टाकू की लिनक्स?

उत्तर : दोन्ही नको, दादा. लोकांच्या आधारचं आणि पैशांचं काम ज्यावर होतं ते यंत्र जुगाडावर चालवायचं नसतं. लिनक्सवर तुमच्या अंगठ्याच्या यंत्राचा आणि टोकनचा ड्रायव्हर मिळवताना अर्धा हंगाम जाईल, आणि दाखल्यांसाठी आलेली पोरं दारात उभी राहतील. जुनाच, पण यादीत बसणारा संगणक घ्या.

घेताना ‘आय७ आहे भो’ याला भुलू नका. चौथ्या पिढीचा आय७ यादीत नाही, आठव्या पिढीचा आय३ आहे. आकड्याच्या सुरुवातीला बघा : ८१०० म्हणजे आठवी, ४७७० म्हणजे चौथी, १०१०० म्हणजे दहावी. यंत्र चालू करून विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, ‘टीपीएम डॉट एमएससी’ इंग्रजीत टाका, खाली २.० दिसायला हवं. ‘टीपीएम सापडला नाही’ आलं तर लगेच नाकारू नका. बऱ्याच यंत्रांवर तो बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, बंद केलेला असतो, इंटेलवर पीटीटी आणि एएमडीवर एफटीपीएम या नावाने. विकणाऱ्याकडूनच चालू करून घ्या, मग पैसे द्या.

प्रश्न : भुसावळहून. वडिलांचा कोअर २ ड्युओ लॅपटॉप आहे, रॅम २ जीबी. मित्र म्हणतो रुफसने ११ बसेल. बारावीनंतर प्रोग्रामिंग शिकायचं आहे.

उत्तर : नाही बसणार. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून विंडोज ११ ला प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट आणि एसएसई ४.२ या आज्ञा (प्रोसेसरला मुळातच येणारी कामं) लागतात. कोअर २ ड्युओमध्ये त्या नाहीत. ही तपासणी गाळण्यासारखी अट नाही, त्या आज्ञांशिवाय ११ सुरूच होत नाही. रॅम ४ जीबी करून मिंट एक्सएफसीई टाक. पायथन, सी शिकायला पुरेल. ब्राउझरमध्ये एका वेळी दोनच टॅब उघड आणि व्हिडिओ मोबाइलवर बघ. रॅम घेण्याआधी झाकण उघडून डीडीआर२ आहे की डीडीआर३ ते वाचून जा. त्या काळच्या लॅपटॉपमध्ये दोन्ही प्रकार निघतात आणि एकाची काडी दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही.