क्रेटा डिझेल ऑटोमॅटिक, 85,000 किमी: गिअरबॉक्सचं ऑइल ‘लाइफटाइम’ आहे म्हणतात, तरी बदलावं का?

प्रश्न थोडक्यात असा: 2017 ची क्रेटा 1.6 डिझेल ऑटोमॅटिक, कराडात असते, महिन्यातून दोनदा कुंभार्ली घाटातून चिपळूणला जाते. सर्व्हिसवाले म्हणतात ऑइलला हात लावू नका, गॅरेजवाला म्हणतो मशीन लावून फ्लश मारू, म्हणजे जुनं ऑइल दाबाने बाहेर ढकलू. ऐकायचं कुणाचं?

दोघांचंही नको. ऑइल बदला, पण फ्लश न मारता साधं काढून-भरून, दोन-तीन टप्प्यांत.

गाडीच्या पुस्तकात मेंटेनन्सचे दोन तक्ते असतात. ‘तपासायची गरज नाही’ हे पहिल्या तक्त्यात. दुसरा कठीण वापराचा, त्यात ऑइल बदलायला सांगितलेलं असतं आणि घाट, धूळ, सतत थांबत-थांबत चालवणं या गोष्टी तिथेच येतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स स्वतः बनवणारी झेडएफ कंपनीसुद्धा आपल्या गिअरबॉक्सला 80,000 ते 1,20,000 किमी किंवा 8 वर्षं असंच सांगते. तुमची गाडी वयानेही तिथे पोचली आहे. शिवाय गळीत हंगामात विट्याच्या रस्त्याला दोन ट्रॉल्यांच्या मागे गाडी रांगते तेव्हा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉक होत नाही, इंजिनाची बरीच ताकद आत ऑइल घुसळण्यात जाते आणि ते तापतं. चढावर ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवायची सवय असेल तर ती आधी सोडा, ऑइल त्यानेच सगळ्यात लवकर मरतं.

ऑइल एसपी-फोर, ह्युंदाईने या गिअरबॉक्सला ठरवलेला प्रकार. बाटलीवर हेच लिहिलेलं हवं. ‘लाल आहे ना, मग तेच’ म्हणून पॉवर स्टिअरिंगचं डेक्सरॉन थ्री हातात ठेवणारे दुकानदार सगळीकडे भेटतात. रंग हा नुसता रंग असतो. पातळपणा आणि क्लच प्लेट किती घसरू द्यायची हे ठरवणारी रसायनं वेगळी असतात. (हे वाचून कुणी आपल्या सीव्हीटीत, म्हणजे पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये, एसपी-फोर ओतू नये. होंडाच्या सीव्हीटीला एचसीएफ-टू लागतं. आणि मारुतीच्या एजीएसमध्ये एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिकचं ऑइल, नसतंच, तो आपोआप गिअर बदलणारा मॅन्युअल गिअरबॉक्स आहे.)

या गिअरबॉक्समध्ये एकूण सात लिटरच्या आसपास ऑइल असतं, पण ड्रेन प्लग काढला की निम्मंच, साडेतीन लिटरभर येतं. उरलेलं कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरमध्ये अडकून राहतं. म्हणून एकदा केलं की निम्मं नवं, दुसऱ्यांदा पाऊण, तिसऱ्यांदा सत्त्याऐंशी टक्के. मध्ये तीनेकशे किमी गाडी चालवा. दोन वेळेला आठ लिटर घ्या, तीन वेळेला बारा. फिल्टर आत आहे, गिअरबॉक्स उघडल्याशिवाय निघत नाही, त्यामुळे ‘फिल्टरही बदलला’ असं बिलावर दिसलं तर जुना दाखवा म्हणा. खाली ऑइल पॅन असलेल्या गाड्यांत फिल्टर, गॅस्केट आणि पॅनमधली चुंबकं साफ करणं हे सगळं यायला हवं.

काम सकाळी लवकर करा, कारण पुढे सांगतो. आधी वरचा भरायचा बोल्ट सैल करून बघा, मगच खालचा उघडा. वरचा जाम निघाला आणि खालून ऑइल गेलेलं असलं तर गाडी जॅकवरच अडकते. वर पोचायला बहुधा एअर फिल्टरचा डबा काढावा लागतो. निघालेलं ऑइल लिटरच्या बाटल्यांत मोजा, पण थंड झाल्यावर. गरम ऑइल फुगतं, 50 अंशांच्या फरकाला चार लिटरमागे दीडशे मिली सहज. पांढऱ्या कापडावर थेंब टाका. तपकिरी असेल तर ठीक. काळं आणि जळका वास म्हणजे क्लच प्लेट झिजल्या. दुधी गुलाबी असेल तर कूलरमधून कूलंट शिरलंय, तिथे ऑइल बदलून काहीच होणार नाही. ड्रेन प्लगला नवा वॉशर टाका आणि टॉर्क पान्याने 35 ते 40 न्यूटन मीटर आवळा. केसिंग ॲल्युमिनियमचं आहे, आटे गेले की प्लगच्या शंभरपट खर्च.

आता जिथे बहुतेकांचं चुकतं ती जागा: लेव्हल. या गाडीच्या गिअरबॉक्सला डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) नाही. जितकं निघालं तितकं भरा, वर अर्धा-पाऊण लिटर जादा. चारही चाकं एका पातळीत हवीत, एका बाजूला जॅक लावून केलेली लेव्हल खोटी असते. एकजण ब्रेक दाबून सीटवर, इंजिन आयडलला, पी ते डी आणि परत, प्रत्येक ठिकाणी दोन सेकंद, असं दोनदा. मग पी मध्ये ठेवून स्कॅनरवर ऑइलचं तापमान बघत बसा. 50 ते 60 अंशांच्या मध्ये इंजिन चालू असतानाच लेव्हल प्लग (ऑइलची योग्य उंची दाखवणारा वेगळा बोल्ट) उघडा. जोराची धार आली तर येऊ द्या, बारीक होऊन थेंबावर आली की प्लग लावा. काहीच आलं नाही तर ऑइल कमी आहे. एप्रिलच्या दुपारी गाडी उभ्या-उभ्याच चाळीसला असते, काम करता-करता साठ ओलांडतात आणि मग ऑइल फुगून जास्त बाहेर जातं. सकाळ म्हणतो ती यासाठी. ऑइल कमी राहिलं तर पंप हवा ओढतो, डी टाकल्यावर गाडी उशिरा उचलते, चढावर आरपीएम वाढतात पण वेग वाढत नाही. जास्त झालं तर फेस होतो. फेसात हवा असल्याने दाब बसत नाही, म्हणजे शेवटी क्लच तसाच घसरून जळतो.

फ्लशला नाही म्हणतो ते यासाठी की 85,000 किमीचा साठलेला गाळ दाबाने सुटून व्हॉल्व्ह बॉडीच्या (ऑइलचा दाब क्लचकडे वळवणाऱ्या भागाच्या) बारीक वाटांत अडकू शकतो. पण ऑइल काळं निघालं आणि गिअर आत्ताच घसरत असतील तर पैसे ऑइलवर घालू नका, आधी गिअरबॉक्सवाल्याला दाखवा. अशा वेळी ऑइल बदलल्यावर आठवड्यात गाडी बसली की दोष नव्या ऑइलला जातो, झिजलेल्या प्लेटांना नाही.

निघालेलं जळकं ऑइल गॅरेजच्या बॅरलमध्ये द्या. गटारात ओतलेलं पुढे कृष्णेतच जातं.